त्सिआलाचा होकार

गोरी, ८ सप्टेंबर २०१३

त्सिआला,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. मिनीबसवाला ओतारी शनिवारी तुर्कस्तानमार्गे तुझ्या बारी शहराकडे निघतोय, त्याच्या हाती हे देईन. सोबत अजिकाची बाटली आहे आणि चीजचे गोळे. चटणी-चीजशी तुझं भांडण नाही, तेव्हा परत पाठवू नकोस. तू सांभाळतेस त्या इटालियन म्हातारीला दे हवं तर. दात नसले तरी चोखेल.

मुद्द्याचं सांगतो. बेकानं नाव दिलंय. ऑक्टोबर संपता संपता बटालियन अफगाणिस्तानात हेल्मंदला निघेल, तिच्यात तो जायचं म्हणतो. मी भरीस घातलेलं नाही. तुझा विश्वास बसणार नाही, नको बसू दे. कर्नलनं त्याला समोर बसवून सांगितलं, "तुझा भाऊ आम्ही पेटीतून परत आणलाय. आता आई आणि बाप, दोघांच्या तोंडचा 'हो' माझ्या कानानं ऐकल्याशिवाय तुला विमानात बसवणार नाही." असा काही नियम नाही, हा त्या माणसाचा स्वतःचा कायदा आहे. माझा 'हो' त्यानं ऐकला. तुझा राहिलाय.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. रामाझला मातीत ठेवलं त्या दिवशी सगळ्या आळीदेखत म्हणाली होतीस, "एक पोरगा खाल्लास, आता ढेकर दे." मग महिन्याभरात बॅग भरून दुसऱ्याच्या आईची सेवा करायला गेलीस. मी मागं राहिलो, कारण सफरचंदं झाडावर होती आणि थडग्यावर दगड बसायचा होता. कुणीतरी राहावं लागतं, त्सिआला. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, घरातही आणि तिकडेही.

मागच्या रविवारी हॉलमध्ये सभा झाली. शिपायांच्या आया महामार्ग अडवणार आहेत. 'आमची पोरं परत आणा, अफगाणांचं अफगाण बघतील.' मी उठून बोललो. शेजारची गुलिको मागून ओरडली, "जुमबेर, तुझी जीभ मंत्रालयानं पॉलिश करून दिलीय का?" सगळे हसले. हसू देत. तिचा पोरगा गिगा राखीव यादीत आहे, तिला बोलायचा हक्क आहे.

मी म्हणालो, सुखुमीच्या लढाईत मी तोफखान्यात होतो. मोठ्या लोकांनी शब्द दिला होता की तुम्ही तोफा मागं घ्या, मध्ये आम्ही उभे राहतो. माझी तोफ मी स्वतःच्या हातांनी बोटीवर चढवली. मग ते मध्ये उभे राहणारे कुठे दिसले नाहीत, शहर पडलं, आणि माझी बायको तान्ह्या बेकाला पाठीशी बांधून, रामाझचा हात धरून, स्वानेतीचा घाट बर्फातून चढली. घाटात किती जण बसले ते उठलेच नाहीत. निघून जाणाऱ्यांचं काही जात नाही हो. मागं राहणाऱ्यांचं काय होतं ते मला विचारा.

रामाझ तिथल्या बाजारातल्या एका भट्टीवाल्याचं सांगायचा, आठवतं? आपल्यासारखीच मातीची भट्टी, आतल्या भिंतीला पोळी थापायची. मीठ कमी घालतो म्हणून रामाझ त्याच्याशी रोज हुज्जत घालायचा. तो माणूस आपल्या पोरांना उघड पोळ्या विकतो. आपली तुकडी निघाली की संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात कोण येईल? बाजारात बॉम्ब लावणारे कुठे घरी जात नाहीत, ते फक्त वाट बघत बसतात. अर्ध्यात उठून यायचं तर रामाझला तिथं पाठवलं कशाला होतं?

कर्नलला फोन कर. एक शब्द तर बोलायचाय.

जुमबेर


गोरी, २५ सप्टेंबर

त्सिआला,

कॉफी मिळाली. चिठ्ठीही मिळाली. दोन्ही कडू आहेत.

तू लिहितेस, 'सुखुमी सुखुमी करू नकोस. मरताना पोरानं मला हाक मारली, तुला नाही. पेटीबरोबर आलेल्या अधिकाऱ्यानं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं की शेवटपर्यंत आईला हाक मारत होता. ज्याला हाक मारली त्याचा शब्द शेवटचा. माझा शब्द नाही असा आहे.'

याच्यावर माणसानं काय बोलावं? मेलेलं पोर तू वकील म्हणून उभं केलंस. मी जिवंत माणसांशी वाद घालू शकतो, गुलिकोशी घालतो, टीव्हीशीसुद्धा घालतो. रामाझशी कसा घालू?

तरी सांगतो. मरणारा शिपाई आईलाच हाक मारतो. तोफेपाशी मी अशा हाका पुष्कळ ऐकल्यात. त्यात पळपुटे होते तसे वाघही होते. आईला हाक मारली याचा अर्थ 'लढाई आवरा' असा होत नाही. दुखतंय, एवढाच होतो.

आणि इकडचं ऐक. गुलिकोच्या भावाच्या बागेतून सीमेची तार गेली. सकाळी रशियन शिपाई आले, खांब रोवले, तार ओढली. निम्मी झाडं पलीकडे. म्हातारा तारेशी उभा राहून आपलीच सफरचंदं सडताना बघतो. उद्या ती तार गोरीच्या चौकात आली तर आपण कुणाला हाक मारणार? ज्या अमेरिकनांच्या शेजारी आज आपली पोरं खंदकात बसतात त्यांनाच ना? तू म्हणशील, ते येणार नाहीत. नसतील येत. पण त्यांचा हात आपण आधी सोडला, असं तरी त्यांना म्हणता येऊ नये.

बेका जेवताना बोलत नाही. काल एकदाच बोलला. "आईनं नाही म्हटलं तर मी काय करू? जन्मभर पेट्यांत सफरचंदं भरू? गल्लीत सगळे मला रामाझचा भाऊ म्हणतात, बेका कुणी म्हणत नाही." मी म्हटलं, आईला सांग. म्हणाला, "तिला सांगितलं की ती रडते, आणि ती रडली की मी तिचं ऐकतो. म्हणून सांगत नाही."

पोरगं तुझ्यासारखंच आहे. कुठून वार बसेल ते त्याला आधीच कळतं.

जुमबेर


गोरी, ९ ऑक्टोबर

त्सिआला,

सफरचंदं उतरवून झाली. यंदा फळ लहान पण गोड आहे. थडग्यावरचा दगड पुसला. आपल्या सुनेचा, खातुनाचा फोन आला होता. तिची नुत्सा शाळेच्या बालवर्गात जाते आणि पोरांना मारते म्हणून तक्रार आहे. आजीवर गेली.

एक परदेशी पाहुणा येऊन गेला. हॅरिस नावाचा अमेरिकन. रामाझला जखमी अवस्थेत ज्यानं हेलिकॉप्टरपर्यंत नेलं तो. सुट्टी काढून, दुभाषी मुलगी घेऊन, स्वतःहून आला. मी टेबल मांडलं. त्यानं खिंकालीची पुरचुंडी काट्यानं फोडली, आतला सगळा रस्सा ताटात सांडला. मग बिअरचा ग्लास उचलून रामाझच्या नावानं प्यायला निघाला. गुलिकोचा चेहरा बघायला हवा होतास. मी त्याचा हात धरला आणि सांगितलं, बाबा, आमच्याकडे बिअरनं फक्त वैऱ्याची आठवण काढतात. वाईन ओतून दिली. बिचारा कानापर्यंत लाल झाला. भला माणूस आहे. विशेष काही बोलला नाही. जेवला आणि गेला.

ओतारी उद्या निघतोय.

लिहून झालं होतं, पाकीट चिकटवायला घेतलं होतं, पण नाही राहवत. तो बोलला.

मी विचारलं, नेमकं काय म्हणाला माझा पोरगा? दुभाषीनं विचारलं. हॅरिस म्हणाला, "एकच शब्द. पुन्हा पुन्हा. मामा, मामा. मीच अहवालात लिहिलं की आईला हाक मारत होता."

दुभाषी मुलगी भाषांतर करता करता थांबली. माझ्याकडे बघेना. तिला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. फक्त त्या अमेरिकनाला कळलं नव्हतं. त्याच्या भाषेत मामा म्हणजे आई. मी त्याला म्हटलं, "आमच्यात आईला देदा म्हणतात. मामा म्हणजे बाप." त्यानं काटा खाली ठेवला. वर म्हणाला, "मला माफ करा." त्यानं कशाला माफी मागायची. त्यानं ऐकलं तेच लिहिलं, आणि मंत्रालयातल्या कुण्या शहाण्यानं ते इंग्रजीतून आपल्या भाषेत आणताना डोकं चालवलं नाही. बारकाईनं बघायला वेळ कुणाला असतो?

तर असं आहे. त्यानं मला हाक मारली, त्सिआला. मला. हे तुझ्या तोंडावर मारायचं म्हणून लिहीत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं त्यासाठीच लिहितोय. दफनापासून तू त्या एका हाकेवर बसून आहेस, आणि मला घरातून, आळीतून, माझ्याच पोराच्या मरणातून बाहेर काढलंयस. नियम तू केलास, मी नाही. ज्याला हाक मारली त्याचा शब्द शेवटचा. माझा शब्द हो असा आहे.

जुमबेर


गोरी, २० ऑक्टोबर

त्सिआला,

कर्नलनं बोलावून सांगितलं की तुझा फोन आला. 'हो' म्हणालीस. त्यानं पुन्हा विचारलं, तर म्हणालीस, "त्याच्या बापाला पाठवू दे. माझ्याजवळ होतं ते त्यानं काढून घेतलं, आता मी कशाच्या जोरावर नाही म्हणू?"

कर्नलनं हे जसंच्या तसं सांगितलं.

बेका नाचत घरी आला. बूट घासतोय. मी त्याला रामाझचा लोकरी गळपट्टा दिला. गुलिको म्हणाली, "जिंकलास म्हण की." मी म्हटलं, हो.

तू फोन आता पुरताच बंद ठेवलायस. बेकाचाही लागत नाही. निदान त्याचा तरी घे.

उद्या पेटीभर सफरचंदं घेऊन खशुरीला जातोय, खातुनाकडे. नुत्सालाही सांगायला हवं, तिचा बाप शेवटी कुणाला हाक मारत होता ते. तिच्याही घरात हे आजीचंच नाव घेऊन सांगितलं जातं.

जुमबेर


गोरी, २३ ऑक्टोबर

त्सिआला,

हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही, माहीत आहे. तरी लिहितो.

खातुना ओट्याशी राजम्याचं लोबिओ ढवळत होती. नुत्सा टेबलाखाली बसली होती, ती हल्ली तिथंच बसते. मी खातुनाला हॅरिसचं सगळं सांगितलं. थोडी छाती फुगवूनच सांगितलं असेन. ती ढवळतच राहिली. मी म्हटलं, "सुनबाई, तुला आनंद नाही झाला? आईला नाही, बापाला हाक मारत होता तो."

ती डाव हातात तसाच धरून वळली. "बाबा, तुम्ही दोघं म्हातारे झालात का हो? तो तिथून फोन करायचा तेव्हा पोरीशी काय बोलायचा?"

मी म्हटलं, "काय बोलायचा?"

"मामा, जेवलीस का. मामा, दात घासलेस का. मामा, आईला त्रास देऊ नकोस." मग डाव भांड्यात आपटून म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांचा बाप्या होता तो. त्याला स्वतःची मुलगी होती. तुमची दोघांची आठवण काढायला त्याला वेळ कुठे होता?"

मी खुर्चीत बसलो.

त्सिआला, आपल्याकडे आई लेकराला 'देदा' म्हणते आणि बाप लेकराला 'मामा'. आपण आपलंच नाव लेकराला देऊन हाक मारतो. तू दोघांना जन्मभर तशी हाक मारलीस, मीही मारली. चौकात कुठलाही बाप रस्ता ओलांडताना पोराचा हात धरून 'मामा, सांभाळ' म्हणतो. परदेशी माणसाला हे कळलं नाही, ते ठीक. तुला आणि मला कळू नये? कारण आपण ऐकतच नव्हतो. आपण दोघं त्या हाकेवर हक्क सांगत होतो.

खशुरीच्या त्या स्वयंपाकघरात मी मोठ्यानं रडलो, तुला सांगायला लाज वाटत नाही. खातुना रडली नाही. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत असल्यासारखं ती वागत होती. पण तिलाही अधिकाऱ्यानं 'आई'च सांगितलं होतं. फक्त 'मामा' शब्द कानावर पडताच तिला कळलं, आणि मला कळायला सून लागली.

नुत्सा टेबलाखालून बाहेर आली. म्हणाली, "बाबानं मला हाक मारली?"

मी म्हटलं, "हो, मामा. तुला."

"मग मला ऐकू का नाही आली?"

खूप लांब होता म्हटलं. तिला पटलं नाही. ती परत टेबलाखाली गेली.

तिथून सरळ कर्नलकडे गेलो. म्हटलं, माझ्या बायकोचा 'हो' धरू नका. तो वैतागला. "काका, यादी वर गेलीय. तिनं 'हो' म्हटलंय, मी कानानं ऐकलंय." मी म्हटलं, "तो चुकीच्या शब्दावर मिळवलेला आहे. मी एकदा चुकीच्या शब्दावर तोफ मागं घेतली होती. त्या शब्दाचं काय झालं ते मी सगळ्या गावाला ऐकवत फिरतो. आता तसाच शब्द मी घरात चालवू?" त्यानं वर फोन लावला आणि बेकाचं नाव खोडलं.

बेकानं गळपट्टा टेबलावर ठेवला. "मला फक्त तुम्ही दोघांनी माणूस म्हणून विचारायला हवं होतं," म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी मेलेल्यालाच विचारलं." तेव्हापासून तो गुलिकोच्या भावाकडे झोपायला जातो. माझ्याशी बोलत नाही.

माझं मत बदललेलं नाही, हेही लिहून ठेवतो, म्हणजे तू उगाच आशा धरू नयेस. तुकडी तिथं राहायला हवी. तो भट्टीवाला आहे, तार आहे, बाजारात वाट बघत बसलेले ते लोक आहेत. त्यातलं काही खोटं झालेलं नाही. पण यापुढे कुठल्याही वादात मी रामाझचं नाव घेणार नाही. तूही घेऊ नकोस. तो आपल्या दोघांच्या बाजूनं बोलला नव्हता. तो पोरीशी बोलत होता.

आता सरळ विचारतो. बेका वसंतातल्या तुकडीत जायचं म्हणतोय. तुझं स्वतःचं म्हणणं काय? नाही म्हणालीस तर मी वाद घालणार नाही. घालेन, पण मनातल्या मनात.

जुमबेर


गोरी, १ नोव्हेंबर

त्सिआला,

तुकडी गेली. मी निरोपाला गेलो होतो. जायचं नव्हतं, पण सभेत छातीठोकपणे बोलणाऱ्यानं घरात दडून बसावं हे बरं दिसलं नसतं.

बेकाची जागा रिकामी राहिली नाही. जागा रिकाम्या राहत नसतात, हे मला तोफखान्यात असल्यापासून माहीत आहे, तरी कर्नलकडून बाहेर पडताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. राखीव यादीतलं पुढचं नाव घेतलं. गिगा.

गुलिको फाटकाशी उभी होती. हातात चीज भरलेली खाचापुरी, फडक्यात बांधलेली, द्यायची राहून गेलेली. पोरं बसमध्ये चढली होती. मी तिच्याजवळ गेलो. तिनं ना शिवी दिली, ना आवाज चढवला. नेहमीची गुलिको असती तर बरं वाटलं असतं.

म्हणाली, "जुमबेर, त्या दिवशी सभेत बोललास ते खरं ना? तिथं थांबायलाच हवं?"

मी म्हटलं, "खरं आहे. आजही तेच म्हणतो."

"मग तुझा कुठाय?"

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, त्सिआला. एका नावाचं उत्तर होतं, आणि ते घेतलं असतं तर साऱ्या फाटकावर कुणाची बोलायची हिंमत झाली नसती. गुलिकोनंच माझे पाय धरले असते. नाव ओठापर्यंत आलं होतं. मी ते घेतलं नाही.

मी टोपी काढून तिच्या शेजारी उभा राहिलो. बस हलली तेव्हा गिगानं खिडकीतून हात हलवला. मीही हात वर केला. गुलिकोनं माझं मनगट धरलं आणि तो हात खाली केला.

जुमबेर